अम्माचा उजवा खांदा

कुंभकोणम् स्टेशनात गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि अम्मा तिळाच्या तेलाच्या बाटलीला तिसरी पिशवी गुंडाळत होती. "शुक्रवारीं डोक्यास तेल घाल," असं म्हणून तिने खिडकीच्या गजांतून माझ्या गालावरून हात फिरवला. "परक्या गावीं थोडें सोसावें लागतें. सोस." पुण्याला पोचेपर्यंत माझ्या दोन नव्या कुर्त्यांनी ते तेल पिऊन टाकलं होतं.

मावश्यांनो, तुम्ही अम्माला विचारता, लेक पुण्यात काय करते? "डॉक्टराकडे आहे," म्हणून ती विषय बदलते. तर एकदाचं सांगून टाकते. मी खेळाडूंचं मालिश करते, त्यांचे आखडलेले स्नायू मोकळे करते. यात लाजायचं काही नाही. दर शुक्रवारी तेल घालताना अम्माची बोटं माझ्या मानेतली गाठ बरोबर शोधायची, तीच विद्या मी पुढे शिकले.

येणाऱ्याला वाटतं, आडवं झालं की रगडणं सुरू. तसं नसतं. आधी चौकशी: कुठे दुखतं, कधीपासून, औषधं कोणती. मग चालून दाखवा, हात वर करा. सूज किंवा ताप असेल तर आधी डॉक्टर. अंगावर चादर असते, लागेल तेवढाच भाग उघडा. दाब हळूहळू वाढवायचा आणि विचारत राहायचं, शून्य ते दहा, किती दुखतंय? दुसऱ्या दिवशी अंग जरा ठणकतं, ते जातं. एका बैठकीत चमत्कार मात्र होत नाही.

शिकताना पहिल्याच दिवशी मी एका धावपटूच्या पोटरीला काही न विचारता भिडले, अम्मा डोक्याला भिडायची तशी. तो दात आवळून गप्प. मला वाटलं, शहाणा आहे, सोसतोय. शिकवणाऱ्या बाईंनी माझा हात उचलून बाजूला ठेवला. "विचारलंस का त्याला?" आमच्या घरी कोण कुणाला विचारतं!

यंदा पोंगलला घरी गेले, तर कॉफीला फेस नव्हता. अम्मा डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबलरमध्ये हातभर उंचावरून धार धरायची. आता उजवा हात वीतभरही उचलत नव्हती. "कांहीं नाहीं," म्हणाली. फोनवर रोज हेच ऐकत आले होते मी. दोन दिवस तिने खांद्याला हात लावू दिला नाही. "लेकीकडून चेपून घेऊं? वेडी की काय तूं?"

शुक्रवारी तेल कोमट करून ती माझ्या मागे बसली आणि तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत पोचेना. मी उठून तिच्या मागे गेले. "अम्मा, इथे हात लावू?"

तिने तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "जन्मांत असें कोणी विचारलें नाहीं गे मला."

"शून्य ते दहा, किती दुखतं?"

"आठ," म्हणाली आणि रडू लागली. मीही रडले, त्यात काय लपवायचं.

डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी होकार दिल्यावर मी सुट्टी वाढवली आणि रोज हलक्या हाताने खांदा मोकळा करत गेले. निघायच्या दिवशी कॉफीवर थोडा फेस होता. त्या फेसासाठी मी जन्मभर ऋणी राहीन, अम्माची आणि त्या शिकवणाऱ्या बाईंची.

आता फोनवर "कांहीं नाहीं" बंद झालंय. अम्मा आकडा सांगते. आज चार, आज तीन. जिथे खरा आकडा सांगता येतो, ते माझं घर, मग मधे कितीही स्टेशनं असोत. हे मला काल कळलं.

"आज दोन," अम्मा काल म्हणाली. "आणि तुझें?"

दिवसभर दाब देऊन माझे अंगठे रोज ठणकतात. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. "काही नाही" अगदी ओठांवर आलं होतं.

"पाच," मी म्हणाले.

"कोठें?" अम्माने विचारलं.