खाली माणूस आहे

पाण्यात उतरण्याआधी दादा काचेवर थुंकायचे. तेही चोरून नाही, चांगलं घशातून ओढून, आवाज करून. मग तांब्याच्या त्या जड टोपाच्या काचेला आतून अंगठ्याने ती थुंकी गोल गोल चोळायची, तलावाचं पाणी एकदा फिरवायचं आणि तोच टोप डोक्यावर चढवायचा. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या सकाळी मल्हारगंजातून पोहे-जिलबी खाऊन आलो होतो. जिलबी घशाशी आली.

"छी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"छी काय भिया? थुंकी नाही लावली तर काचेवर भाप धरते. मग खाली मला काय दिसणार, तुझं डोकं?" दादा म्हणाले. इंदुरात जो तो 'भिया', म्हणजे भाऊ.

समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या इंदुरात पाणबुड्या माणूस कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण शहराबाहेरच्या एका तलावातून आमचं खातं पाणी उचलायचं. कोणतं खातं ते सांगत नाही, अजून नाव घेतलं की तोंड कडू होतं. तलावाच्या तळाशी नळाचं तोंड होतं आणि त्यावर जाळी. त्या जाळीत शेवाळ, गाळ, कुजलेली पोती, कधी मेलेलं कुत्रं अडकायचं. ते हाताने काढायला माणूस लागायचा. तो माणूस म्हणजे दादा, सगळं खातं त्यांना दादाच म्हणायचं. तरुणपणी ते मुंबईच्या गोदीत हे काम शिकून आले होते. तेव्हाच्या मध्यभारत राज्याच्या सबंध कारभारात असा टोप घालून खाली जाणारा दुसरा कोणी मी तरी पाहिला नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा नवा ओव्हरसियर. माझ्याकडे त्यांची दोरी धरण्याचं काम आलं. काठावर हवेचा पंप असायचा, दोन माणसांनी मोठं चाक फिरवायचं, खटखट आवाज करत हवा रबरी नळीतून खाली टोपात जायची. दुसरी दोरी. तिचं एक टोक दादांच्या छातीला आणि दुसरं माझ्या कमरेला. दोरीला एक झटका म्हणजे 'ठीक आहे'. दोन म्हणजे 'हवा वाढवा'. चार म्हणजे 'वर ओढा'. दर थोड्या वेळाने मी एक झटका द्यायचा आणि त्यांनी एक परत द्यायचा. एवढीच भाषा.

"दोरी हातात नाही, कमरेला बांधायची," ते सांगायचे. "हात बेइमान असतात. खाज सुटली की निघाले. कंबर कुठे जाऊन राहिली आहे?"

त्यांच्या नियमांना अंत नव्हता. नाक चोंदलं असेल तर उतरायचं नाही. पोटात अन्न असताना उतरायचं नाही, सकाळपासून फक्त कोरा चहा. खालच्या नळाचं काठावरचं चाक बंद करून त्याला ते घरून आणलेलं स्वतःचं कुलूप लावायचे आणि किल्ली जानव्याला बांधायचे. कारण कुणी वर चुकून चाक फिरवलं तर नळाने पाण्याबरोबर त्यांनाही ओढलं असतं. वर येतानाही घाई नाही. "आपल्या बुडबुड्यांच्या पुढे पळायचं नाही. त्यांना आधी जाऊ द्यायचं, आपण मागून. पाण्यात मोठेपणा नाही चालत." आणि कुणी काही हलगर्जीपणा केला, पंपाजवळ गप्पा मारल्या, नळीवर पाय ठेवला, की ते थुंकायचे आणि म्हणायचे, "खाली माणूस आहे ना, भिया!" ते स्वतः वर उभे असले तरी हेच म्हणायचे.

पंपाजवळ बिडी ओढायला सक्त मनाई होती. पंपावरच्या दोघांपैकी एकाने एकदा चोरून दोन झुरके मारले. दादा वर आले, टोप निघाला आणि त्यांनी सरळ त्याच्यासमोर हात पसरला.

"बाकीची अर्धी दे. सुरुवात तर तू मला पाजलीसच."

आम्ही हसून हसून लोळलो. पंप जी हवा ओढेल तीच खाली जाते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. पुढे तर ते वर आल्यावर सांगायचे, "आज साहेबांच्या डब्यात मेथी होती." आमचे इंजिनियर साहेब बिचारे लाजून दूर झाडाखाली जेवायला बसू लागले.

दादांचं घर जुन्या इंदुरात. मूलबाळ नव्हतं, दोघंच. मला एका रविवारी बोलावलं, माझ्या कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक घेऊन ते आतल्या खोलीत जाऊन बसले. मधलं दार लावून घेतलं. वहिनींनी माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी ठेवली. घास तोंडाशी नेला की झटका यायचा. उत्तर द्यायला उशीर झाला तर आतून आवाज यायचा, "मेलो! तू खिचडी खा!" त्या दिवशी ते पाच-सहा वेळा मेले. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मग त्यांनी ताट उचललं आणि एकदम माझे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले, बाजारात भाजी पाहतात तसे.

"हेच ना ते हात?" त्या म्हणाल्या. "भावजी, हे बोलतात कुणाला काही नाही. पण मी इकडे चूल पेटवत नाही, हे वर आल्याचा निरोप येईपर्यंत. ध्यान ठेवा."

मी म्हणालो, "वहिनी, माझ्या जिवावर घ्या." असं बोलायला काय लागतं? तोंडाला दारवान थोडाच असतो.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगताना आजही मला माझीच शिसारी येते, पण अर्धं सांगून थांबलो तर ती अजून मोठी लबाडी होईल.

साहेबांनी तलावावर पाहुणे बोलावले होते. एक जुने सरदार. संस्थान विलीन झालं होतं, सरदारकी कागदावरून गेली होती, पण नव्या राज्यात त्यांचा शब्द चालतो अशी वदंता होती. माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी त्यांच्याच वाड्यावर चाकरी केलेली. पंपावरच्या दोघांचे बापजादे त्यांच्याच पागेतले. पाणबुड्या खाली उतरलेला दाखवायचा, असा साहेबांचा बेत. दादांनी नेहमीसारखी थुंकी चोळली, कुलूप लावलं, किल्ली बांधली आणि उतरले. पंप खटखट चालू होता. मी दोरीला झटका दिला, उत्तर आलं.

तेवढ्यात साहेब माझ्याकडे पाहून खेकसले, "अहो, हे काय ध्यान? कमरेला दोरी बांधून उभे राहणार त्यांच्यासमोर? कैदी आहात का? हातात धरा की!"

माझ्या अंगावर नवा बंद गळ्याचा कोट होता. खरं सांगायचं तर साहेब बोलण्याआधीच मला त्या ओल्या, शेवाळी दोरीची लाज वाटत होती. मी गाठ सोडली. दोरी हातात घेतली.

मोटार आली. दार उघडलं. सरदार उतरले.

आणि आम्ही मुजरा केला.

कुणी हुकूम दिला नव्हता. साहेबही नुसता नमस्कारच करत होते. पण माझी कंबर आपोआप वाकली, उजवा हात जमिनीकडे गेला, कपाळाकडे आला. एकदा, दोनदा, तीनदा. लहानपणी वडिलांनी पाठीत धपाटे घालून शिकवलेला मुजरा, एका बोटाचीही चूक नाही. पंपावरच्या दोघांनीही चाक सोडलं आणि तेही वाकले. वाकलेले ते तसेच हात जोडून उभे राहिले. मालकासमोर हात चालवत राहणं म्हणजे बेअदबी, हे आमच्या तिघांच्याही रक्तात मुरलेलं. राज्य गेलं तरी पाठीचा बाक काही गेला नव्हता.

हार घालणं झालं. साहेबांनी मला खूण केली आणि मी पुढे होऊन इंग्रजीत सांगू लागलो. धिस इज द एअर पंप, सर. हवेचा दाब, पाण्याची खोली, सुरक्षेची व्यवस्था. हो, सुरक्षेवरही मी बोललो. माझं इंग्रजी चांगलं होतं. सरदार मान डोलवत होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

मग त्यांनी तलावावरून नजर फिरवली आणि प्रसन्नपणे म्हणाले, "वा! किती शांत आहे हो इथं."

शांत. तलावावर काम चालू असताना शांत कधीच नसायचं. पंपाची खटखट असायची.

मी वळून पाहिलं. चाक थांबलेलं. दोरी दगडावर पडलेली आणि तिचं टोक हळूहळू सरकत पाण्याच्या कडेकडे चाललेलं. कुणीतरी खालून ओढत होतं. एक, दोन, तीन, चार. किती वेळ ओढत होतं, देव जाणे.

"खाली माणूस आहे!" मी किंचाळलो.

मग आम्ही धावलो. चाक फिरलं, मी दोरीवर पालथा पडलो, मोटारीचा ड्रायव्हरही धावला. विहिरीतून बादली ओढावी तसं आम्ही त्यांना वर ओढलं. बुडबुड्यांच्या मागून यायचं, हा त्यांचा नियमही आम्हीच मोडला. काठावर आणून टोप काढला.

टोपात ओकारी होती. काळ्या चहाची, आंबट, हिरवट. ती त्यांच्या मिशांत, नाकात, गळ्यापर्यंत भरली होती. डाव्या कानातून रक्त येत होतं. ओठ निळे. सरदारांनी रुमाल नाकाला लावला आणि "अरेरे" म्हणत मोटारीकडे वळले. आणि मी? तुम्ही म्हणाल मी मिठी मारली असेल. मी मागे सरकलो. कोटाला लागू नये म्हणून. एक पाऊलच, पण सरकलो. त्या माणसाची थुंकी पाहून मला मळमळलं होतं. खरं तर मळमळावं असं त्या काठावर दुसरंच काही उभं होतं, बंद गळ्याचा कोट घालून.

बऱ्याच वेळाने दादांना बोलता आलं. आधी त्यांनी पंपाकडे पाहिलं. मग माझ्या कमरेकडे. तिथे दोरी नव्हती.

"वर कोण मेलं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी सवयीने तोंड वळवून थुंकायचा प्रयत्न केला. दोनदा केला. तोंडात थुंकीच उरली नव्हती.

इथवर चूक म्हणता येईल. पुढचं चूक नव्हतं. चार दिवसांनी साहेबांनी अहवाल तयार केला. पाणबुड्याने कामावर येण्यापूर्वी भरपेट जेवण केले होते, सबब वांती होऊन प्रकार घडला; सदर इसम नियम पाळण्यात हयगय करतो. ज्या माणसाने वीस वर्षांत पोटात घास असताना पाण्याला पाय लावला नव्हता, त्याची ओकारीच त्याच्यावर पुरावा म्हणून उभी केली. साहेबांनी पेन पुढे केलं. म्हणाले, "तुमचंही नाव निघू शकतं यात, विचार करा." मी विचार केला आणि सही केली. पंपावरच्या दोघांनी अंगठे उठवले. दादांना घरी बसवलं. जाळी साफ करायला पुढे गळ टाकू लागले. त्याने अर्धा गाळ निघायचा, अर्धा शहर प्यायचं.

मी महिनाभराने त्यांच्या घरी गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. ते ओसरीवर बसून दोरीला मेण लावत होते. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं म्हणून मला उजवीकडे बसवलं.

"अहवालात काय लिहिलं, कळलं मला," ते म्हणाले. "जेवून उतरलो होतो म्हणे."

"दादा, मी..."

"मरता मरता वाचलो, त्याचं काही नाही. पाणी आहे, होतं कधीकधी. पण जेवून उतरलो म्हणालास तू, भिया?" त्यांनी मेणाचा गोळा पुन्हा दोरीवर फिरवला. "चहा घेऊन जा."

चहा वहिनींनी आणला. कप माझ्या हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला.

दादा त्यानंतर दोन पावसाळे काढून साध्या तापाने गेले. मध्यभारत राज्यही त्यानंतर थोड्याच दिवसांत नकाशावरून गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. अस्थी घेऊन आम्ही चौघे-पाच जण नर्मदेवर गेलो. पाणी चढलेलं होतं, खालच्या पायऱ्या बुडालेल्या आणि शेवाळाने बुळबुळीत. वहिनी म्हणाल्या, मीच सोडणार. गुरुजी कुरकुरले, त्यांनी ऐकलं नाही. पदर खोचला, पिशवीतून दादांची ती मेण लावलेली दोरी काढली आणि एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं.

दुसरं टोक हातात घेऊन त्यांनी वर पाहिलं. मी सगळ्यांत जवळ उभा होतो. मी हात पुढे केला.

वहिनींनी माझ्या हाताकडे पाहिलं. चांगलं निरखून, त्या रविवारी पाहिलं होतं तसंच. मग दोन पायऱ्या चढून त्या माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि काठावर बिडी ओढत बसलेल्या एका नावाड्याच्या हातात ते टोक दिलं. त्या माणसाला दादा कोण हे ठाऊक नव्हतं, आम्ही कोण हेही नव्हतं. त्याने बिडी विझवली, कुणी न सांगता दोरी कमरेला बांधली आणि पाय रोवून उभा राहिला.

वहिनी पाण्यात उतरल्या. त्यांनी एक झटका दिला. नावाड्याला त्यातलं काही कळलं नसेल, पण त्याने दोरी ताणून धरली.

माझे हात रिकामे होते. मी ते जोडले.