चुलीपाशी बसवलेली

वैशाखऱ्याच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर काचेचं ‘गावरान’ हॉटेल झालंय. दारातच मातीच्या चुलीपाशी एक मावशी बसते. पूर्वी ती तांदळाची भाकरी इतकी पातळ थापायची, की तिच्यातून पलीकडचा घाट दिसावा. आता आत मशीन आलंय, ताटात भाकरी त्याचीच येते. मावशी मात्र गिऱ्हाइकांनी बघावं म्हणून दिवसभर एकच गोळा थापते, मोडते, पुन्हा थापते.

“मावशी, मला तुझ्या हातची दे.”

“ही खायची नाय रे भाऊ, बघायची हाय.” मग माझ्या ताटाकडे बघत तिने हळूच विचारलं, “मशीनची कशी लागते?”

जन्मभर लोणकढी मारणारा मी, नेमका तेव्हाच खरं बोललो. “चांगली लागते.”

“वाटलंच मला.”

तेवढ्यात कुणीतरी कॅमेरा रोखला. मावशी पदर सारखा करून हसली.