फोटोत उभी असलेली बाई

मित्रांनो, सकाळची पोस्ट मी काढून टाकली. "आलापल्लीच्या जंगलातला मस्त सायकल रस्ता, गाडी नाई, माणूस नाई," असं लिहिलं होतं मी.

मोहाच्या झाडाखाली जागा छान झाडलेली दिसली, म्हणून आम्ही चौघांनी तिथीच सायकली लावल्या, नाश्ता केला, फोटो काढले.

निघताना टोपली घेऊन उभी असलेली बाई दिसली. मोहफुलं वेचायसाठी तिनंच ती जागा झाडली होती. फुलं आमच्या बुटांखाली चेंगरली होती.

"बाई, सांगितलं काऊन नाई?"

"तुमी फोटो काढून राह्यले होते. म्हटलं, होऊ द्या."

घरी येऊन तो फोटो मोठा करून पाहिला. आमच्या मागे ती उभी आहे, टोपलीसकट.

लाज वाटून राह्यली. तुमच्या फोटोत कोण उभं आहे, पाहिलं का कधी?