अव्वाची नवी चादर

आमच्या ह्यांचं नाव चनबसप्पा. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते, बघू कोण काय करतंय! नवी पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आन् डोक्यात कॉम्प्युटरचं खूळ.

अठ्ठ्याहत्तर साली कॉम्प्युटर म्हणजे काय हे सोलापुरात कुणाला धड सांगता येत न्हवतं. तवा ह्यांनी मुंबईच्या भंगारातनं एकेक तुकडा आणून घरातच एक जुळवला. तीन वर्षं लागली. लाकडी पेटी, पुढं लाल दिवे, खाली आकड्यांची बटणं. मी तिला सवत म्हणायची. तर काय! घरात टेबलफॅन एकच, आन् तो उन्हाळाभर तिच्याकडं तोंड करून. आमी तिघं घामानं निथळतोय, ही बया गार वाऱ्यात.

"अगं, तापली की मेली ती," हे म्हणायचे.

"आन् मी तापले तर?"

"तू तर रोजच तापतीस की."

सासूबाईंना, निंगव्वांना, मात्र तिचं लई कौतुक. आमी त्यांना अव्वा म्हणायचो, म्हंजे आई. डोळ्यांनी कमी दिसायचं, तरी रोज पदरानं पेटी पुसायच्या. "माझ्या चन्नूचं बाळ हाय ते," म्हणायच्या.

मे महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचे साहेब मशीन बघायला येणार म्हणून पत्र आलं. मशीन चाललं तर ह्यांना तितं नोकरी. दुकानात तसंही जुने रेडिओ घेऊन कोण येत होतं? ह्यांनी दोन दिवस बसून आकडे दाबून दाबून सगळं आत भरलं. बंद केलं की सारं पुसलं जायचं, म्हणून मशीन चालूच ठेवलं आन् साहेबांना आणायला स्टेशनवर गेले. जाताना मला बजावलं, "फॅन हलवू नकोस, मागची जाळी झाकू देऊ नकोस, आन् हितनं उठू नकोस."

मी उठले. नळाला पाणी आलं होतं, दोन दिवसांनी आलं होतं हो! घागरी घेऊन पळाले, आन् नेमकी तवाच वावटळ सुटली. साऱ्या पेठेची धूळ घरात शिरली.

परत आले तर जळका वास. घागरी दारातच टाकून आत धावले. मशीनवर अव्वांची नवी चादर, चारी बाजूंनी नीट खोचलेली. "मी मेल्यावर हीच माझ्यावर पांघरा," म्हणून त्यांनी ती सात वर्षं ट्रंकेत जपली होती.

"धुळीनं बाळ खराब हुईल म्हणून झाकलं गं," त्या म्हणाल्या.

एकही दिवा लागत न्हवता. म्हातारे, घात केलास की, असं माझ्या जिभेवर आलं, तवर हे साहेबांना घेऊन दारात. ह्यांनी चादर उचलली, तिच्यावरचा करपलेला डाग बघितला, मग आईकडं बघितलं. साहेब चहा पिऊन गेले. हे आईजवळ जाऊन बसले.

"अव्वा, बरं झालं झाकलंस. न्हायतर धुळीनं पार वाटोळं झालं असतं."

"व्हय रे?" म्हातारी लहान पोरीगत हसली.

मी चुलीपाशी जाऊन रडले. तू कुटं होतीस, असं ह्यांनी मला विचारलंसुद्धा न्हाय. विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

पुढं वर्षभर अव्वा रोज दुपारी त्या मेलेल्या मशीनवर चादर घालायच्या. संध्याकाळी हे ती काढून घडी करायचे आन् फॅन चालू करायचे, तिच्याकडंच तोंड करून. मी कधी तो अव्वांकडं वळवला तर त्याच वरडायच्या, "बाळाला उकडतंय की गं!" हे गुमान उठून परत वळवायचे. त्यांच्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटलेला असायचा.

दुसऱ्या उन्हाळ्यात अव्वा गेल्या. ह्यांनी तीच चादर त्यांना पांघरली. डाग कुणाला दिसू नये म्हणून आत दुमडला.

माती देऊन घरी आल्यावर ह्यांनी फॅन उचलला आन् माझ्याकडं तोंड करून ठेवला. वारा अंगाला लागला आन् मला राहवंना. "त्या दिवशी मी पाण्याला गेले होते," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," हे म्हणाले. "भरलेल्या घागरी दारातच होत्या की."