खात्रीने सांगता येत नाही

माझ्या मावसभावाने आयुष्यात एकही विधान ठामपणे केलं नाही, आणि एवढ्या एका गुणावर तो अमेरिकेत मोठ्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा प्रमुख झाला. शनिवार पेठेतून तो गेला होता एक्स-रे वाचायला. तिथे वर्षानुवर्षं अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या फुप्फुसांवर "तसं दिसतं खरं, पण खात्रीने सांगता येत नाही, जुन्या फिल्मशी ताडून पाहावं," असं लिहीत राहिला. इतक्या काटेकोरपणे काहीच न सांगणारा माणूस वाया घालवणं त्या लोकांना पटलं नसावं. त्यांनी त्याला संशोधनाला लावलं. आमच्याकडे अशा माणसाला फार तर चौकशीच्या खिडकीत बसवतात.

दर डिसेंबरात पुण्यात आला की इथेही तोच खाक्या. मावशीने खिचडीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तर घास घोळवत म्हणे, "वाटतंय बरोबर. मागच्या वर्षीची चव आठवत असती तर नक्की सांगितलं असतं." एकदा माझ्या मुलीने विचारलं, "काका, हिंजवडीची ऑफर घेऊ का? पॅकेज सॉलिड आहे, पण कंपनी नवीन आहे." काकांनी पाऊण तास दोन्ही बाजू मांडल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. मुलीने तोवर होकार कळवूनही टाकला होता.

तरी सगळे नातेवाईक आपापल्या फिल्म पिशवीत घालून त्याची वाट बघत. "घरचा डॉक्टर असताना बाहेरच्याचं कशाला ऐकायचं?" हा मावशीचा बाणा. फिल्म वाचणं त्याने कधीच सोडलंय, हे तिला सांगून उपयोग नव्हता.

एका वर्षी ऑगस्टपासून मावशी खोकत होती. पेठेतल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला आणि ताबडतोब मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून बजावलं. मावशीने पाकीट कपाटात ठेवलं. "चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तो येऊन बघेल." त्याला फोनवर कळवायचीही बंदी, संशोधनात व्यत्यय नको! मी ती बंदी निमूटपणे पाळली, याची मला आजही लाज वाटते.

तो आला. चहा व्हायच्या आत पाकीट त्याच्या हातात पडलं. त्याने फिल्म खिडकीशी धरली, जवळ नेली, कोपऱ्यातली तारीख वाचली. मग ती पुन्हा वाचली.

"काही नाही, आई," तो म्हणाला. "साधा कफ आहे. शंभर टक्के."

आणि तो न्हाणीघरात गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला. एरवी पाणी वाया जातंय म्हणून मावशीने दार ठोठावलं असतं. ती फिल्म पाकिटात सरकवत मला हळूच म्हणाली, "मला कळलंय, हे त्याला सांगू नकोस हं. जन्मात पहिल्यांदा ठाम बोललाय बिचारा."

दुसऱ्या दिवशी "एका जुन्या मित्राला भेटून येऊ" म्हणून त्याने तिला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. मावशी ठेवणीतली इरकली नेसली, मित्रासाठी तिने डबाभर लाडू घेतले. मी रिक्षा आणायला म्हणून खाली उतरलो. रिक्षा समोरच उभी होती, पण माझ्याच्याने लगेच हाक मारवेना.