गच्चीवरच्या पीटीच्या बाई

आमच्या कळव्याच्या सोसायटीतल्या पीटीच्या बाई कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला पाणी हातात आणून देऊ देत नसत. सून पेला घेऊन निघाली की तिला अडवायच्या. "घेतील ते स्वतः," म्हणायच्या. बऱ्याच जणींना त्या कठोर वाटायच्या.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रोज सकाळी गच्चीवर आजी-आजोबांना जमवायला सुरुवात केली. भिंतीला हात टेकून टाचा उचलायच्या, खुर्चीतून आधाराशिवाय उठायचं, मग गप्पा मारत फेऱ्या घालायच्या. कुणी फार जोर दाखवला तर त्यालाच दटावायच्या. "आज दमलात तर उद्या येणार नाही. मला तुम्ही रोज हवे आहात."

माझे बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. जखम भरली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पण बाबा पलंगावरून उतरेनात. आम्ही समजावलं, रागावलो, काही उपयोग झाला नाही. शेवटी मी बाईंना बोलावलं. त्यांनी व्यायामाचं नावही काढलं नाही. भीती कसली वाटते, एवढंच विचारलं. बाबा म्हणाले, "घरात कोणी नव्हतं. फरशीवर पडून हाका मारत होतो. उठताच येईना."

हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

"मग आपण आधी उठायला शिकू," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांना विचारून त्यांनी हॉलमध्ये सतरंजी अंथरली. कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, सरकत खुर्चीपर्यंत जायचं, मग तिला धरून उभं राहायचं. कितीतरी दिवस बाबा अर्ध्यातच थांबत. बाई शेजारी सतरंजीवर बसून राहत, पण हात देत नसत. एका सकाळी बाबा एकटे उभे राहिले आणि खुर्ची घट्ट धरून रडले. त्यानंतर ते गच्चीवर जाऊ लागले. पुढे कित्येक वर्षं जात राहिले.

गेल्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. घोडबंदर रोडला राहणारा त्यांचा मुलगा आला, नातेवाईक जमले. तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा बाबा पुढे झाले. त्यांच्यामागोमाग गच्चीवरची बाकीची मंडळीही आली, दोन आज्यासुद्धा. कुणीतरी म्हणालं, काका, तुम्ही राहू द्या. बाबांनी तिरडीचा बांबू धरला. बाईंच्या मुलाने मागे सरून त्यांना जागा करून दिली.

जिन्यापासून फाटकात उभ्या असलेल्या शववाहिनीपर्यंत त्यांनी बाईंना सावकाश नेलं. आम्ही मुलं दोन्ही बाजूंनी हात तयार ठेवून चालत होतो. कुणालाही हात लावावा लागला नाही.