पहिल्यांदा विचारलं की नको

२०१७ साली मी न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेच्या एका पॅकहाऊसमध्ये कांदे निवडायचे. पार्टटाइम. आणि व्हिसाचे उरलेले फक्त सहा आठवडे! फुलटाइम नोकरीचं पत्र मिळालं तर इथे, नाहीतर बॅगा भरून साताऱ्याला.

तर एक दिवस आमची सुपरवायझर गमबूट वाजवत माझ्या कांद्यांच्या सरकत्या बेल्टपाशी आली. म्हणाली, "फुलटाइम जागा निघालीये. तुला हवी असेल तर बघ. नो प्रेशर."

मला तर हवीच होती! आणि तोंडातून काय निघावं? "ओह नो नो, ऑल गुड!"

आता आपल्याकडे कसंय, कुणी लाडू पुढे केला की आधी नकोच म्हणायचं. दुसऱ्यांदा "अहो खरंच नको." तिसऱ्यांदा तो ताटात पडतोच. मी आपली पुढच्या आग्रहाची वाट बघत हसत उभी. ती म्हणाली, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे 'बरं, ठीक', आणि गेली. गेलीच की हो!!

घरी येऊन फ्लॅटमेट ताईला सांगितलं. ती नर्स, इथे सहा वर्षं मुरलेली. लाटणं हातात तसंच राहिलं तिचं.

"नको म्हणालीस? तोंडावर?"

"अगं पण तिने परत विचारायचं ना!"

"का? तू काय रुसलेला जावई आहेस? इथे एकदाच विचारतात, बावळट! उद्या जा आणि सरळ माग."

सकाळी सुपरवायझरची गाडी लागायच्या आधीच मी पार्किंगमध्ये हजर. ती उतरली आणि मी एका दमात सुटले: मला नोकरी हवीय, काल पण हवी होती, आमच्याकडे आधी नाही म्हणतात. घाईघाईत लाडवाचं पण सांगून टाकलं.

तिने गाडीचं दार लावलं. मग म्हणाली, "येअ... ना."

हो की नाही?! एक काहीतरी बोल ना बाई! मी गाडीचा आरसा घट्ट धरला.

"येअ, ना, मी अजून दुसऱ्या कुणाला विचारलंच नाहीये. तू नको म्हणालीस, मला वाटलं तुला आम्ही आवडत नाही. पत्र दुपारी देते."

मी रडणारच होते, तेवढ्यात तिने मागच्या सीटवरून डबा काढला. घरचे चीज स्कोन, म्हणजे छोटे खारे पावच. "घेणार?"

"हो!" मी ओरडलेच. "दोन! एक ताईला."